नौरस : गाणाऱ्या सुलतानाची गोष्ट

विजापूर म्हटलं की आपल्याला आठवतो अफझलखान. नाहीतर सहलीत बघितलेला गोलघुमट, त्यात मारलेल्या हाका आणि त्यांचे परत आलेले आवाज. आदिलशाही म्हणजे शिवरायांचा शत्रुपक्ष, एवढ्यावर आपला शाळेतला इतिहास थांबतो. त्यामुळे याच घराण्यात एक असा राजा होऊन गेला जो स्वतःला गणपतीचा मुलगा म्हणवून घ्यायचा, असं सांगितलं तर मेसमधला अर्धा टेबल तरी हसेल. पण तो होऊन गेला. त्याचं नाव दुसरा इब्राहिम आदिलशहा. गोलघुमट ज्याचा आहे त्या महंमद आदिलशहाचा हा बाप.

आता या माणसावर इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात का लिहायचं? कारण सांगतो. आपल्याकडे हल्ली ज्याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात, म्हणजे सुटी सुटी गाणी नाहीत, तर एक कल्पना घ्यायची, तिच्याभोवती सगळी गाणी बांधायची, कव्हरपासून अक्षरांपर्यंत सगळं त्याच कल्पनेतून काढायचं, गाण्यावरून चित्र आणि चित्रावरून गाणं, हा प्रकार साठच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत निघाला असं आपण समजतो. याने तो चारशे वर्षांपूर्वी सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर करून ठेवलाय. आणि साधासुधा नाही, त्यासाठी अख्खं शहर बांधलंय!

सुरुवातीपासून सांगतो.

१५८० साली विजापूरचा सुलतान अली आदिलशहा याचा खून झाला. त्याला मुलगा नव्हता. म्हणून भावाचा, तहमास्पचा मुलगा इब्राहिम याला तख्तावर बसवलं. वय जेमतेम नऊ. आपण ज्या वयात चौथीची स्कॉलरशिप देतो त्या वयात हा राजा! अर्थात नावालाच. खरा कारभार सरदारांच्या हातात, आणि पोराला सांभाळायला चुलती. ही चुलती म्हणजे चांदबिबी. हो, अहमदनगरचा किल्ला लढवणारी तीच. नगरच्या हुसेन निजामशहाची ती मुलगी आणि विजापूरच्या अलीची विधवा. दरबारात एक सरदार दुसऱ्याचा काटा काढतोय, मग तिसरा त्याचा, असा खेळ चाललेला. एका सरदाराने तर चांदबिबीलाच साताऱ्याच्या किल्ल्यावर नेऊन कैदेत टाकलं. पुढे ती सुटली, पण १५८४ साली इब्राहिमच्या बहिणीचं नगरच्या शहजाद्याशी लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर माहेरी निघून गेली. पोरगं उरलं दिलावरखान नावाच्या सरदाराच्या मुठीत.

तो आठ वर्षं मुठीत राहिला. १५९० मध्ये इब्राहिम वीस-एक वर्षांचा झाला आणि त्याने दिलावरखानाला उलथवून कारभार हातात घेतला. दिलावर पळाला, पण पुढे परत आला तेव्हा त्याचे डोळे काढण्यात आले. चार-पाच वर्षांनी सख्ख्या भावाने, इस्माईलने बेळगावला बंड केलं. ते मोडलं आणि भाऊ मारला गेला. हे मुद्दाम आधी सांगतोय. पुढे जे गाणं-बजावणं येणार आहे ते वाचून कुणाला वाटू नये की हा कुणी भोळा संत होता. त्या काळच्या राजांना जे करावं लागायचं ते यानेही केलं.

पण गादी पक्की झाल्यावर याचं मन रमलं ते गाण्यात. तेही नुसतं ऐकण्यात नाही. स्वतः गाणारा, तंबुरा वाजवणारा, पदं रचणारा. त्याच्या आवडत्या तंबुऱ्याला नाव होतं मोतीखान. आपण बाईकला नाव ठेवतो तसं! हत्तीचं नाव आतशखान. या दोघांवरही त्याने पदं केली आहेत. तंबुऱ्यावर पद करणारा दुसरा राजा मला तरी माहीत नाही.

या पदांचा संग्रह म्हणजे किताब-ए-नौरस. भाषा दख्खनी. म्हणजे आपल्या मराठवाड्यातली, हैदराबादेतली जुनी माणसं बोलतात तिची पणजी. फारसी लिपी, पण शब्द बघाल तर संस्कृतातले, ब्रजमधले, मधूनच मराठी वळणाचे. डॉ. नझीर अहमद यांनी १९५६ साली अनेक हस्तलिखितं ताडून हे पुस्तक दिल्लीत छापलं. त्यात एकोणसाठ पदं आणि सतरा दोहे आहेत. पदं सतरा रागांखाली लावलेली : भैरव, भूपाली, रामकरी, आसावरी, तोडी, मल्हार, गौरी, कल्याण, धनाश्री, केदार वगैरे. त्यांच्यातच नौरोज आणि हजीज अशी दोन फारसी नावंही बसली आहेत. प्रत्येक रागाच्या वर मथळा आहे तो मात्र इराणी पद्धतीचा, अमुक मकामात. म्हणजे वर इराणी पाटी, आत भैरव! सगळ्या हस्तलिखितांत पदांची संख्या सारखी नाही, यावरून दिसतं की हे पुस्तक एका बैठकीत झालेलं नाही. १५९० च्या दशकात सुरुवात, मग वर्षानुवर्षं भर पडत गेलेली.

आता नौरस या शब्दाकडे या. संस्कृतात नवरस म्हणजे शृंगार, वीर, करुण इत्यादी नऊ रस. भरतमुनींपासून आलेली कल्पना. पण फारसीत नौरस म्हणजे नुकतं पिकलेलं, ताजं. एका शब्दाला दोन भाषांत दोन अर्थ, आणि दोन्ही चपखल. इब्राहिमला हा शब्द इतका आवडला की त्याने तो सगळ्यावर छापला. पुस्तक नौरस. नाणं नौरस. महिन्यातल्या नवव्या दिवशी उत्सव, तोही नौरसचा. त्याच्या सांगण्यावरून फिरिश्त्याने दक्षिणेचा जो मोठा इतिहास लिहिला त्याचं एक नाव नौरसनामा. आणि १५९९ मध्ये शहर काढलं त्याचं नाव नौरसपूर. आजकाल याला ब्रँडिंग म्हणतात आणि एमबीएला शिकवतात.

त्या पुस्तकात काय आहे हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. सुरुवातीला सरस्वती आणि गणपती. पैगंबर आहेत, गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज आहेत, शंकर-पार्वती आहेत. विरहिणी आहे, बेगम चांदसुलताना आहे. पण माझ्या मते खरी गंमत रागांच्या वर्णनात आहे. राग भैरव कसा, तर कापरासारखा गोरा, कपाळावर चंद्र, जटेत गंगा, हातात त्रिशूळ. म्हणजे सूर सांगायच्या ऐवजी रूप सांगितलंय. गाणाऱ्याने आधी ते रूप डोळ्यांपुढे आणायचं, मग सूर लावायचा. एका पदात तर त्याने स्वतःचंच चित्र काढलंय : एका हातात वाद्य, दुसऱ्या हातात नौरसची पोथी, अंगावर भगवे कपडे, गळ्यात स्फटिकाची माळ, वाहन हत्ती, बाप गणपती, आई सरस्वती, आणि राहायचं गाव विद्यापूर. विजापूरला तो विद्यापूर म्हणायचा. रागाचं ध्यान जसं सांगतात तसं त्याने स्वतःचं सांगितलं! म्हटलं तर आत्मप्रौढी आहे. पण कुठल्या राजाने आत्मप्रौढी करताना तलवारीऐवजी तंबुरा हातात घेतला?

रागाला रूप असतं ही कल्पना अर्थात त्याची नाही. ती जुनीच. दख्खनमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटी रागमाला चित्रं निघत होती. हिंडोल राग म्हणजे झोपाळ्यावर बसलेला नायक, अशा प्रकारची, वर संस्कृत ओळी लिहिलेली. त्यातली काही पानं आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ती अहमदनगरची की विजापूरची यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपल्या बीड जिल्ह्याला दोन्हीकडून अभिमान बाळगायला हरकत नाही, कारण तेव्हा हा मुलूख निजामशाहीचा आणि लढाया सगळ्यांच्या. इब्राहिमने वेगळं काय केलं, तर सूर, शब्द, चित्र आणि अक्षर ही चार माणसांची चार कामं त्याने एका छपराखाली आणली.

चित्रकार होता फर्रुख हुसेन. मूळ इराणकडचा, काबूलहून १५८५ साली अकबराच्या दरबारी आलेला, तिथून दक्षिणेत उतरलेला. मोगल कागदपत्रांतला फर्रुख बेग तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने इब्राहिमचं तंबुरा वाजवतानाचं चित्र काढलंय, ते आज कुठे आहे सांगू? प्रागला, चेक प्रजासत्ताकात. आणि १६०४ च्या सुमाराचं त्याचं सरस्वतीचं चित्र आहे, ते जयपूरला. सिंहासनावर बसलेली, हातात वीणा. ही देवी इराणी चित्रकाराने काढलीय हे कळायला वेळ लागतो. आणि चित्रावरच इब्राहिमचं ते वचन लिहिलंय, बाप गणपती आणि आई सरस्वती असल्याचं. म्हणजे पदातली ओळ चित्रात आली. पदावरून चित्र निघालं की चित्रावरून पद, हे आता कोण ठरवणार? ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचं आणखी एक चित्र आहे, त्यात राजाच्या हातात चिपळ्यांसारखं वाद्य आहे. तलवार नाही, फूल नाही, चिपळ्या! आमच्या लिंबागणेशला हे चित्र कुणाला दाखवलं तर तो पहिल्यांदा विचारील, हे कुठले महाराज.

अक्षरांचंही तसंच. खलीलुल्ला नावाच्या सुलेखनकाराने नौरसची एक प्रत लिहून राजाला नजर केली, १६१७-१८ च्या सुमारास. राजाने काय केलं? त्याला कलमाचा बादशहा ही पदवी दिली आणि क्षणभर स्वतःच्या तख्तावर बसवलं. आपल्याकडे जर्नल वेळेवर आणि सुवाच्य अक्षरात दिलं तर दहापैकी आठ मिळतात.

प्रस्तावना लिहिली जुहूरी या फारसी कवीने. हा आधी अहमदनगरच्या दरबारात होता. नगर मोगलांनी घेतल्यावर विजापूरला आला. त्याची ती प्रस्तावना म्हणजे फारसी गद्याचा नमुना म्हणून पुढे कित्येक वर्षं हिंदुस्थानातल्या मदरशांत शिकवली जायची. पदं दख्खनीत आणि प्रस्तावना फारसीत, म्हणजे मूळ भाषा न येणाऱ्या इराणी वाचकाचीही सोय झाली.

आणि मग ते शहर. विजापूरच्या पश्चिमेला पाचेक किलोमीटरवर तोरवी नावाचं गाव आहे. सिव्हिलवाल्यांसाठी : आदिलशाहीत तोरवीहूनच जमिनीखालच्या बोगद्याने विजापूरला पाणी आणलं होतं, तीच ही तोरवी. तिथे १५९९ मध्ये नौरसपूरचं काम सुरू झालं. शाहनवाजखान या वजिराकडे जबाबदारी. हजारो मजूर, अमीर-उमरावांना तिथे वाडे बांधायचे हुकूम. गवयांची वस्ती. मधोमध राजाचे महाल. त्यातल्या एका इमारतीला आजही संगीतमहाल म्हणतात. उंच कमान उभी आहे, छप्पर नाही.

बाहेरच्या माणसाला हे सगळं कसं दिसत होतं? १६०३-०४ मध्ये अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला. काम होतं इब्राहिमची मुलगी शहजादा दानियालसाठी घेऊन जाण्याचं. त्याने लिहून ठेवलंय. बाजार बघून तर तो थक्क झालाच, पण राजाबद्दल त्याची तक्रार अशी की हा गाण्यात इतका बुडालेला असतो की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा धड देत नाही. उलट इब्राहिमनेच त्याला तानसेनाबद्दल चौकशा केल्या, की तो बादशहासमोर उभा राहून गातो की बसून. वकील आलाय सोयरिकीच्या राजकारणासाठी, आणि याला पडलीय तानसेनाच्या बैठकीची! (जाता जाता : याच असद बेगने विजापूरहून परत जाताना तंबाखू नेली आणि अकबराला दाखवली. मोगल दरबारातली तंबाखू ती अशी आपल्या दख्खनची.) मुलीची पाठवणी झाली, बरोबर फिरिश्ताही होता, आणि १६०४ मध्ये लग्न लागलं ते गोदावरीकाठी पैठणला. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या उंबऱ्यात.

जहांगीरनेही त्याची दखल घेतलीय. इब्राहिमचा लाडका गवई बख्तरखान पुढे जहांगीरच्या दरबारी गेला. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की विजापूरच्या राजाने या गवयाला आपली पुतणी दिली, त्याला गुरू मानलं, आणि हा राजा धृपदाच्या वळणाची पदं करतो, त्यांना नौरस म्हणतो. गवयाला पुतणी देणारा राजा! एरवी राजघराण्यातल्या मुली सुलतान-शहजाद्यांकडे जायच्या, तहाच्या कागदाबरोबर.

लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याच्या काही फर्मानांच्या माथ्यावर सरस्वतीचं नाव आहे. विजापूरच्या अर्क किल्ल्याजवळ नृसिंह-दत्ताचं देऊळ आहे, त्याचा संबंध लोक याच राजाशी जोडतात. यावरून काही जण म्हणतात तो मनाने हिंदू झाला होता, काही म्हणतात हे सगळं प्रजेला खूश ठेवायचं राजकारण. मला दोन्ही पटत नाही. तो सुन्नी मुसलमान म्हणून जगला आणि तसाच मेला, त्याच्या कबरीच्या भिंती कुराणाच्या अक्षरांनी भरलेल्या आहेत. आणि नुसतं राजकारण म्हणावं तर राजकारणासाठी कुणी तीस वर्षं तंबुऱ्यावर पदं करत नाही. गाणं शिकायला बसला की पहिला नमस्कार सरस्वतीला, हे त्याने जसं होतं तसं घेतलं असावं. गाण्याचा धर्मच तो. आमच्या गावात ढोलकी काढली की पहिलं गणपतीचं होतं, मग बाकीचं, आणि वाजवणारा कोण हे कुणी बघत नाही.

पण या सगळ्याची किंमतही होती. इब्राहिम गात होता तेव्हा दक्षिण पेटलेली होती. ज्या चुलतीने त्याला लहानाचा मोठा केला ती चांदबिबी १५९५-९६ मध्ये नगरचा किल्ला लढवत होती. त्याने मदतीला सैन्य पाठवलं, पण १५९७ मध्ये गोदावरीकाठी मोगलांनी ते मोडलं. १६०० मध्ये चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारलं, आणि नगर पडलं. नौरसपूरचं बांधकाम तेव्हा जोरात होतं. हे दोन साल शेजारी शेजारी ठेवले की कसंतरी होतं. त्याने १६१९ मध्ये बीदरचं राज्य जिंकून घेतलं हे खरं, म्हणजे लढायला तो विसरला नव्हता. पण निजामशाही सावरणाऱ्या मलिक अंबरशी त्याचं बिनसलं आणि तो मोगलांच्या बाजूला गेला.

१६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला लढाई झाली. एकीकडे मोगल आणि विजापूरचं एकत्र सैन्य, दुसरीकडे मलिक अंबर आणि त्याच्याबरोबर शहाजीराजे, शरीफजी. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात घातली, हा प्रसंग आपल्याला माहीत आहे. शरीफजी तिथेच पडले. विजय मिळाल्यावर अंबर थांबला नाही. तो विजापूरवर चालून गेला, आणि वाटेत होतं नौरसपूर. त्याला तट धड झालेला नव्हता. लुटलं, जाळलं. पंचवीस वर्षं उभं राहत असलेलं गाण्याचं शहर गेलं, आणि ते पुन्हा उठलं नाही. मलिक अंबरचा मला आदरच आहे, त्याच्या पाण्याच्या नहरी बघायला आपण औरंगाबादला जातो. पण नौरसपूर त्यानेच मोडलं, हेही खरं.

तीन वर्षांनी, १२ सप्टेंबर १६२७ ला इब्राहिम गेला. शहाजीराजे त्याच्या शेवटच्या काळात विजापूरच्या चाकरीत आले होते.

त्याची कबर इब्राहिम रोजा. मलिक संदल नावाच्या हबशी बांधकामप्रमुखाने बांधलेली, मुळात बेगम ताजसुलतानासाठी. ट्रिपला गोलघुमट बघून बस निघायच्या आत इथे जाच. आत एक खोली आहे, चाळीस फूट चौरस. तिचं छत बघायचं. चारी भिंतींपासून दगड थोडे आत वळत येतात आणि मधला चोवीस फूट चौरस भाग चक्क सपाट. दगडी फरशा कडेला कड लावून बसवलेल्या, खाली खांब नाही, तुळई नाही, वर लोखंड नाही. हेन्री कझिन्स या इंग्रज अधिकाऱ्याने १९१६ च्या पुस्तकात या छताबद्दल आश्चर्य केलंय आणि सगळं श्रेय चुन्याच्या ताकदीला दिलंय. आपल्या स्ट्रक्चर्सच्या सरांनी एकदा बघून नेमकं काय ते सांगावं. खिडक्यांच्या जाळ्या दगडात कोरलेल्या अक्षरांच्या. अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो, म्हणजे वाचायचं ते उजेडात आणि उजेड येतो तो अक्षरांतून. पोथीचं पान दगडात केल्यासारखं.

त्याच्यानंतर महंमद आदिलशहा आला, दरबाराचा रंग पालटला. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूरच घेतलं. ग्रंथ विखुरले, चित्रं विकली गेली, कोण प्रागला, कोण डब्लिनला, कोण लंडनला. नौरसच्या काही प्रती हैदराबादेत राहिल्या.

आणि चाल? ती गेली. राग कोणता ते लिहिलंय, शब्द आहेत, अंतरा कुठला आणि आभोग कुठला तेही आहे. पण स्वर कुणी लिहून ठेवले नाहीत, तशी पद्धतच नव्हती. गुरूने गळ्यातून शिष्याला द्यायचं, शिष्याने पुढे. नौरसपूरची गवयांची वस्ती उठली तेव्हा ती साखळी तुटली असणार. आज कुणी किताब-ए-नौरसमधलं पद भैरवात लावून गाईल, ते ऐकायला छानच वाटेल, पण ते त्या गायकाचं नवं गाणं असेल. अल्बमचं कव्हर आहे, आतला कागद आहे, कलाकारांची नावं आहेत, फोटोही आहेत. फक्त कॅसेट कोरी आहे. तरी विजापूरला गेलात तर तोरवीच्या कमानीपर्यंत जाऊन या. स्टँडवरून रिक्षा मिळते.